नववी ‘ब’चं इंग्रजी वाचन : प्रकल्प नोंदी

२५ जून २०२४, मंगळवार

आज सचिनने (इथून पुढे मुलांची सगळी नावं बदललेली आहेत) उभं राहून एक परिच्छेद धडाधड वाचून दाखवला. कुठे अडखळला नाही, पूर्णविरामाला थांबला, आवाजही खणखणीत. शेवटचं वाक्य होतं, ‘शी लेफ्ट द रूम इन अ हरी.’ म्हटलं, अर्थ सांग. जरा विचार करून म्हणाला, ‘‘ती हरीच्या डाव्या खोलीत हाये.’’

वर्ग हसला, मीही हसले, आणि मग दिवसभर ते वाक्य डोक्यातून जाईना. लेफ्ट म्हणजे डावा हे त्याला कोणीतरी शिकवलंय. रूम म्हणजे खोली. आणि हरी त्याच्या गल्लीतच राहतो. माहीत असलेले तिन्ही शब्द त्याने इमानदारीने जोडले. वाक्य असं काही असतं आणि त्याला अर्थ असायला हवा, एवढंच त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं. २००० सालापासून राज्यात पहिलीपासून सुरू झालं, म्हणजे या पोरांचं हे नववं वर्ष. वर्गात ४६ मुलं. मराठी माध्यम, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातलं गाव, निम्म्या घरांत दिवाळीनंतर ऊसतोडीला जायची रीत. पुढच्या वर्षी हीच मुलं बोर्डाला बसतील. तिथे अनसीन पॅसेजला १० गुण आणि त्याच्यावरच्या समरीला ५. यंदाचं कृतिसंशोधन (शिक्षकाने आपल्याच वर्गात करून पाहायचा अभ्यास) ‘वाचन कौशल्यांच्या साहाय्याने इंग्रजी आकलन वाढवणे’ या विषयावर करते असं मुख्याध्यापकांना सांगून टाकलं. ते म्हणाले, ‘‘करा. पण पोर्शन मागे पडू देऊ नका.’’

२७ जून, गुरुवार

फळ्यावर मुद्दाम बिनअर्थाचा उतारा लिहिला. महत्त्वाचे सगळे शब्द माझ्या मनचे.

‘द टिबी ड्रॉम ग्लोप्ड थ्री फिंट्स निअर द वास्क. देन ही झिमर्ड होम.’

खाली तीन प्रश्न. हू ग्लोप्ड थ्री फिंट्स? हाउ मेनी फिंट्स डिड ही ग्लोप? व्हेअर डिड ही ग्लोप देम? पाच मिनिटं दिली. वर्गात एकदम शांतता, सगळे खाली मान घालून लिहितायत. वह्या तपासल्या तर ४१ जणांची तिन्ही उत्तरं बरोबर.

मग विचारलं, ‘‘ड्रॉम म्हणजे काय?’’ कोणी बोलेना. पाठीमागून रूपालीने हात वर केला. ‘‘मॅडम, अर्थ पण लिहायचा होता का?’’

तिने हे अगदी भाबडेपणाने विचारलं. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, सापडला की त्याच्या मागचं-पुढचं उचलायचं, ही त्यांची पद्धत. चौथीपासून याच पद्धतीवर त्यांना गुण मिळत आलेत, आणि ते देणाऱ्यांत मीही आहे.

४ जुलै, गुरुवार

आठवडाभर मधल्या सुट्टीत एकेकाला बोलावून तीन गोष्टी पाहिल्या. साधे वीस इंग्रजी शब्द वाचता येतात का. मी वाचून दाखवलेला सोपा इंग्रजी उतारा ऐकून कळतो का. आणि मराठीतला सातवीच्या पातळीचा उतारा स्वतः वाचून, त्यात थेट न लिहिलेल्या गोष्टीवरच्या प्रश्नाचं उत्तर देता येतं का.

अशी विभागणी करायची कल्पना माझी नव्हे. गफ आणि टनमर या दोन संशोधकांनी १९८६ मध्ये वाचनाचं एक अगदी साधं सूत्र मांडलं होतं : अक्षरांवरून शब्द ओळखता येणं गुणिले ती भाषा समजणं. बेरीज नव्हे, गुणाकार. दोहोंपैकी एक शून्य असलं की उत्तर शून्य. बी.एड.ला पाठ केलं होतं, वापरायची वेळ आज आली.

४६ पैकी ९ जणांना शब्दच वाचता येत नाहीत. ती आकृती पाहून अंदाजाने म्हणतात. ‘हाउस’ आणि ‘हॉर्स’ त्यांना सारखेच. ६ जण मराठी उताऱ्यातही अडकले, आणि त्यातले तिघे पहिल्या नऊमधलेच. आठ-दहा जण बऱ्यापैकी आहेत. उरलेल्यांचा मोठा घोळका म्हणजे सचिन : वाचता झकास येतं, मराठीत हुशार आहेत, इंग्रजी कानावर पडलं काय नि डोळ्यांपुढे आलं काय, अर्थ लागत नाही.

त्या नऊ जणांना स्किमिंग (भरभर चाळणं) नि स्कॅनिंग (हवं तेवढंच शोधणं) शिकवणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला विहिरीच्या खोलीचा हिशेब सांगणं. त्यांना परिपाठाच्या आधी वीस मिनिटं वेगळं बोलावते. अक्षर आणि आवाज, बस्स. दोघे कुरकुरले. कारण, ‘‘पहिलीच्या पोरांसारखं वाटतं.’’ बरोबरच आहे त्यांचं. म्हणून खोलीचं दार लावून घेते.

१५ जुलै, सोमवार

पंधरा दिवस प्रशिक्षणात मिळालेली सगळी तंत्रं करून पाहिली. थोडक्यात लिहिते.

शीर्षकावरून अंदाज बांधणे : मुलांना भारी आवडलं, कारण लॉटरीसारखं आहे. अंदाज चुकला तरी पुढे वाचताना कोणी तो बदलत नाही, त्यामुळे उपयोग शून्य. महत्त्वाच्या वाक्यांखाली रेघ मारणे : सगळ्याच वाक्यांखाली रेघा. शब्दकोश : पुन्हा ‘लेफ्ट म्हणजे डावा’.

एसक्यूथ्रीआर सगळ्यात फसलं. आधी चाळा, प्रश्न काढा, वाचा, आठवून सांगा, उजळणी करा अशा त्याच्या पाच पायऱ्या. फ्रान्सिस रॉबिन्सन यांनी १९४६ मध्ये ती कॉलेजच्या पोरांना जाडजूड पुस्तकं अभ्यासता यावीत म्हणून आखली. मथळे, उपमथळे असलेलं चाळीस पानी प्रकरण असेल तर चाळण्यात अर्थ. आमचा उतारा दीडशे शब्दांचा. तो चाळायचा म्हणजे काय करायचं? प्रशिक्षणात हे कोणी विचारलं नाही. मीही नाही.

२२ जुलै, सोमवार

स्कॅनिंग मात्र चाललं, आणि फार चाललं. नाव, तारीख, आकडा शोधायचा असेल तर नजर वरून खाली कशी फिरवायची ते दोन तासिकांत शिकवलं. घटक चाचणीतल्या उताऱ्यात ए-वनला, म्हणजे साध्या माहितीच्या प्रश्नाला, जवळजवळ सगळ्यांना पैकीच्या पैकी. स्टाफरूममध्ये गणिताचे सर म्हणाले, ‘‘मॅडम, महिन्यात रिझल्ट दाखवला की तुम्ही!’’

दाखवला खरा. पण मला माहीत आहे काय झालंय. ड्रॉमने फिंट्स कुठे ग्लोप केले ते शोधायचा वेग मी वाढवून दिलाय.

यापुढे ए-वनचे गुण या प्रकल्पात मोजायचे नाहीत असं ठरवलं. मोजायचं ते ए-टू, जिथे दोन वाक्यांतली माहिती जुळवावी लागते, आणि समरी.

१ ऑगस्ट, गुरुवार

एलन मार्कमन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात मुलांना मुद्दाम विसंगत मजकूर देऊन पाहिला होता : आपल्याला कळत नाहीये हे मुलांना कळतं का? मोठी मुलंसुद्धा विसंगती सहज गिळून टाकतात असं त्यांना दिसलं. त्याच धर्तीवर आपल्याकडचा उतारा लिहिला. त्यातली दोन वाक्यं अशी :

‘ऑन संडे रामू सोल्ड हिज ओन्ली गोट ॲट द बाजार.’ मध्ये चार-पाच ओळी बाजाराच्या. मग, ‘ऑन मंडे मॉर्निंग ही मिल्क्ड हिज गोट ॲज युज्वल.’

शब्द तसे अवघड नाहीत, मिल्क्ड आधी सांगून ठेवला. वाचून झाल्यावर विचारलं, उतारा कळला का? एकसुरात ‘हो मॅडम’. काही खटकलं का? ‘नाही मॅडम.’ फक्त चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यातला किसन म्हणाला, ‘‘इकलेली शेळी परत कशी आली?’’

मग अख्ख्या वर्गाला हाच उतारा मराठीत तोंडी सांगितला. दुसऱ्या वाक्याला गलका. एकजण तर म्हणाला, रामूने ग्राहकाला गंडवलं असणार.

म्हणजे डोकं जाग्यावर आहे. इंग्रजीचं पुस्तक उघडलं की ते बाजूला काढून ठेवायची सवय झालीय. हाच माझा प्रकल्प. बाकीचं सगळं नंतर.

६ ऑगस्ट, मंगळवार

नवा नियम. हातात पेन नाही, शिसपेन्सिल. प्रत्येक वाक्य संपलं की थांबायचं. डोळ्यांपुढे चित्र आलं तर बरोबरची टिक, नाही आलं तर प्रश्नचिन्ह. मराठीत विचार केलेला चालेल, नव्हे, मराठीतच करायचा.

पहिल्या दिवशी पानभर टिकाच टिका. प्रश्नचिन्ह काढणं म्हणजे आपण ढ असल्याचं लिहून देणं, असं त्यांना वाटतं. दुसऱ्या दिवशी मी पंचायत समितीकडून आलेलं एक इंग्रजी परिपत्रक फळ्याशेजारी चिकटवलं आणि त्यांच्यासमोर मोठ्याने वाचत, मोठ्याने विचार करत, पेन्सिलने खुणा केल्या. ‘‘हे वाक्य कळलं. हे नाही कळलं. ‘द सेम’ म्हणजे कोणतं तेच? मागे जाते... हां, यादी पाठवायची म्हणतायत.’’ एका पानात माझीच पाच प्रश्नचिन्हं झाली. रूपालीने ती मोजली.

तिसऱ्या दिवसापासून वह्यांत प्रश्नचिन्हं यायला लागली. उत्तरं बरोबर यायला लागली असं नव्हे. पण कुठे दुखतंय ते तरी दिसू लागलं.

१३ ऑगस्ट, मंगळवार

आज ४२ वह्या घरी आणल्या आणि नुसती प्रश्नचिन्हं पाहत बसले. वाटलं होतं, ती अवघड शब्दांवर असतील. तशी होतीच. पण सगळ्यात जास्त गर्दी होती ती या वाक्यावर, ज्यात नवा शब्द एकही नाही :

‘द बॉय हू हॅड लॉस्ट हिज टिकिट सॅट निअर द ड्रायव्हर.’

संध्याकाळी शेजारच्या दोन पोरांना बोलावून विचारलं, कसं वाचलंत? एक म्हणाली, ‘‘तो मुलगा... कोणाचं तिकीट हरवलं?... ड्रायव्हरजवळ बसला.’’ दुसऱ्याच्या मते एसटीत माणसं दोन : एक मुलगा, आणि एक कोणीतरी, ज्याचं तिकीट हरवलंय पण ज्याचं नाव सांगितलेलं नाही.

चूक माझ्या डोळ्यांसमोर वीस वर्षं होती. ‘हू’ म्हणजे कोण, ‘व्हिच’ म्हणजे कोणता, ‘व्हेन’ म्हणजे केव्हा, असं आपण पाचवी-सहावीत घोकून घेतो. वाक्याच्या मधोमध तोच शब्द आला की मुलाला तिथे प्रश्न ऐकू येतो. तो ‘जो’ आहे, ‘ज्याचा’ आहे, ‘जेव्हा’ आहे, हे सांगायचं राहूनच जातं. त्यातून मराठीत आपण म्हणतो, ‘ज्या मुलाचं तिकीट हरवलं होतं तो ड्रायव्हरजवळ बसला.’ ज्या-वालं आधी, तो-वालं नंतर. इंग्रजीत मुलगा आधीच येऊन बसलेला असतो आणि त्याची ओळख मागून येते. क्रियापद तर आपण शेवटी ठेवतो, त्यामुळे ‘सॅट’पर्यंत पोहोचेस्तोवर मुलगा बिचारा विसरलेला असतो.

१४ ऑगस्ट, बुधवार

मराठीच्या सरांना धरलं. नववीच्या व्याकरणात मिश्र वाक्य त्यांनी मागच्याच आठवड्यात घेतलं होतं : प्रधान वाक्य, गौण वाक्य, जो-तो, जेव्हा-तेव्हा, जरी-तरी. आजची तासिका आम्ही दोघांनी मिळून घेतली. डावीकडच्या फळ्यावर ते, उजवीकडच्या फळ्यावर मी.

रीत अशी ठरली. मधोमध हू, व्हिच, व्हेअर दिसला की तिथे पेन्सिलने कंस सुरू. ओळख संपली की कंस पुरा. आधी कंस झाकून वाचा : द बॉय सॅट निअर द ड्रायव्हर. मुलगा ड्रायव्हरजवळ बसला. झालं. आता कंस उघडा आणि ‘ज्या’ने सुरुवात करा.

किसन म्हणाला, ‘‘म्हंजे हे तेच की, गौण वाक्य. सर, हे तुमचंय, मॅडमचं न्हाय.’’ सर जाम खूश.

कंस कुठे संपवायचा हे मात्र अवघड जातंय. अर्ध्या जणांनी कंस ‘सॅट’च्या पुढे नेऊन ठेवला. यावर आणखी तीन-चार तासिका जातील. पोर्शन मागे पडतोय. पडू दे.

२९ ऑगस्ट, गुरुवार

कंसांचं बरंच बसलं. नव्या दोन जागा सापडल्या. एक, ‘रमेश वॉज गिव्हन अ बुक’. तीन-चतुर्थांश वर्गाच्या मते पुस्तक रमेशने दिलं, कारण रमेश पहिला आलाय. दुसरी, जोडणारे शब्द. ऑलदो, अनलेस, अनटिल हे मुलं वाचतात आणि ओलांडून जातात, जणू रस्त्यातले गतिरोधक. ‘द फेअर विल बी हेल्ड अनलेस इट रेन्स’ वाचून निम्मे म्हणतात, पाऊस पडला आणि जत्रा भरली.

आजपासून चौघांचे गट. पॅलिन्क्सार आणि ब्राउन यांनी १९८४ मध्ये सातवीच्या अशाच मुलांबरोबर, म्हणजे ज्यांना वाचता येतं पण कळत नाही अशांबरोबर, हे केलं होतं : अंदाज, प्रश्न, खुलासा, सारांश अशी चार कामं, आणि आळीपाळीने मुलंच शिक्षक. आमच्याकडे मुलांनीच कामांना नावं दिली. ज्योतिषी, मास्तर, शंकेखोर आणि बातमीदार. परिच्छेद संपला की बातमीदाराने एका वाक्यात बातमी द्यायची, मराठीत. मग चौघांनी मिळून ती इंग्रजीत करायची.

रूपाली कधी बोलत नाही. तिला शंकेखोर केलं, कारण त्या कामात न कळणं हीच पात्रता.

३ सप्टेंबर, मंगळवार

पोळ्याला लागून दोन दिवस धुवांधार. ओढ्याला पाणी, वाडीवरची पोरं येऊ शकली नाहीत. हजर अकरा. तंत्रबिंत्र काही घेतलं नाही. बैलांना काय काय घातलं, शिंगं कोणत्या रंगाने रंगवली ते इंग्रजीत सांगा म्हटलं. ‘झूल’ला इंग्रजी शब्द मलाही सुचला नाही.

१९ सप्टेंबर, गुरुवार

गटांचं खरं चित्र. अकरा गटांपैकी पाच उत्तम चालतात. तीन गटांत एकच हुशार पोरगी चारही कामं करते आणि बाकीचे तिची वही पाहतात. दोन गट भांडतात. एक गट क्रिकेटवर बोलतो आणि मी जवळ गेले की ज्योतिषी घाईघाईने भविष्य सांगायला लागतो.

पण रूपालीचा गट पाहण्यासारखा आहे. आज उताऱ्यात होतं, ‘द टीचर गेव्ह द कप टू द कॅप्टन बिकॉज ही वॉज लीव्हिंग.’ ती म्हणाली, ‘‘ही म्हंजी कोण? सर का कॅप्टन?’’ मास्तर म्हणाला, सर. बातमीदार म्हणाला, कॅप्टन. मला बोलावलं. मी म्हटलं, पुढचं वाक्य वाचा. पुढे शाळेने निरोपाला नारळ-शाल दिली असं होतं. ‘‘मग सरच,’’ रूपाली म्हणाली. ‘‘पोराला शाल कोण देतंय?’’

इंग्रजी वाचून, गावातला अनुभव लावून, सर्वनामाचा धनी ठरवला. वर्षाला अशी दहा वाक्यं ऐकायला मिळाली तरी पुष्कळ.

२६ सप्टेंबर, गुरुवार

दोन उतारे स्वतः लिहिले. लांबी सारखी, वाक्यं सारखीच लांब-आखूड, पुस्तकातल्या यादीबाहेरचे शब्द दोन्हीकडे सात-सातच. एक बंदरात जहाज लागतं त्याचा, दुसरा कबड्डीच्या सामन्याचा. ही मूळ युक्ती रेक्ट आणि लेस्ली यांची. १९८८ मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या मुलांना बेसबॉलवरचा मजकूर दिला, आणि वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण बेसबॉल न जाणणाऱ्यांच्या पुढे निघाली.

आमच्याकडे जहाजाच्या उताऱ्यात सचिनच्या वहीत प्रश्नचिन्हांची माळ. समुद्र त्याने पाहिलेला नाही. कबड्डीत एक वाक्य होतं : ‘ओन्ली थ्री डिफेंडर्स वेअर लेफ्ट ऑन द मॅट.’ सचिनने वाचलं आणि मी विचारायच्या आत म्हणाला, ‘‘आता सुपर टॅकल बसला तर दोन पॉइंट.’’

सुपर टॅकल म्हणजे तिघेच किंवा त्याहून कमी उरले असताना केलेली पकड. हे उताऱ्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी विचारलं, ‘‘लेफ्ट म्हणजे?’’

‘‘राहिलेले.’’

‘‘डावे नाही?’’

‘‘मॅडम, तिघंबी डावे कस्काय असतील?’’

मी त्याला जूनमधली हरीची खोली आठवण करून दिली नाही. त्याला ते आठवतही नसावं.

यातला कटू भाग असा की अनसीन पॅसेज कशावर येईल ते आपल्या हातात नाही. उतारा वाचायची तंत्रं वर्षभर शिकवली तरी समुद्र कधी पाहिला नाही ही कसर त्याने भरून निघत नाही. ती भरायची तर भूगोल, विज्ञान, वर्तमानपत्र, कशाहीबद्दलची नुसती बडबड हवी, आणि ती मराठीतून झाली तरी चालेल. अहवालाच्या नमुन्यात यासाठी रकाना नाही.

२१ ऑक्टोबर, सोमवार

प्रथम सत्राचे पेपर तपासून झाले. ए-टूमध्ये जुलैच्या तुलनेत बरी वाढ आहे, मधल्या घोळक्यात जास्त. समरीमध्ये एक आड एक ओळ उतरवून काढणारे जुलैत वीस-बावीस होते, आता सहा-सात. परिपाठाआधीच्या नऊ जणांपैकी पाच जण अडखळत का होईना वाचतात.

नववी ‘अ’च्या बाईंनीही तोच पेपर दिला होता. त्यांच्या वर्गाची ए-टूतली वाढही काही कमी नाही, आणि त्यांनी यातलं काहीच केलेलं नाही. त्यांचा वर्ग मुळात वरचा, हे खरं. पण मुलं चार महिन्यांनी मोठी होतात, पेपरची सवय होते, हेही खरंच. मुख्याध्यापक म्हणाले, ‘‘ ‘अ’चे आकडे अहवालात कशाला घालता?’’ घालणार आहे.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

परवा विधानसभेचं मतदान. माझी ड्यूटी शेजारच्या तालुक्यात होती. आदल्या रात्री केंद्रावर बसून सूचना-पुस्तिका वाचत होते. १७-सी नमुना (झालेल्या मतांचा हिशेब), मॉक पोल (चाचणी मतदान), सीलबंद करायचा क्रम. अर्ध्या तासाने लक्षात आलं, मी समासात पेन्सिलने टिका आणि प्रश्नचिन्हं करतेय. पलीकडच्या सरांनी विचारलं, हे काय? सांगितलं. त्यांनी माझी प्रश्नचिन्हं पाहिली आणि म्हणाले, ‘‘यातलं हे मलापण कळलेलं नाही.’’ मग दोघांनी मिळून सेक्टर ऑफिसरना फोन केला.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

मतदान उरकून गावातल्या ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या. काही कर्नाटकात, बहुतेक सांगली-कोल्हापूरकडे. वर्गात आज ३३. काहीजण आजीजवळ राहिलेत, काही आई-बापाबरोबर कोयता धरायला गेलेत. किसन राहिला. रूपाली गेली. तिच्या धाकट्या भावाला सांभाळायला कोणी नव्हतं.

जायच्या आदल्या दिवशी ती घरी आली होती. बारा उताऱ्यांच्या झेरॉक्स पिनअप करून दिल्या, दोन पेन्सिली दिल्या. प्रश्न एकाखालीही दिलेले नाहीत. म्हटलं, फक्त टिक नाही तर प्रश्नचिन्ह, आणि जमेल तेव्हा बाबांच्या मोबाइलवरून फोटो पाठव.

उरलेल्या वर्गाला विसंगतीचा उतारा पुन्हा दिला, या वेळी शेळीऐवजी सायकलचा. ३३ पैकी २१ जणांनी विकलेली सायकल पकडली. ऑगस्टमध्ये ४६ पैकी चार. वर्ग तोच नाही, हे लिहून ठेवते. गेलेल्यांपैकी किती जणांनी पकडली असती, सांगता येत नाही.

१६ डिसेंबर, सोमवार

अहवाल जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात द्यायचा आहे. आलेख काढायला बसले होते, तेवढ्यात मोबाइल वाजला. रूपालीच्या वडिलांचा नंबर.

फोटो अंधुक, कोपऱ्यात चुलीचा उजेड. चौथा उतारा, कागदाला तेलाचा डाग. तेरा टिका, चार प्रश्नचिन्हं, आणि दोन ठिकाणी कंस, दोन्ही बरोबर जागी पुरे केलेले. ‘अनलेस इट रेन्स’च्या भोवती गोल, आणि समासात मराठीत लिहिलंय : ‘मॅडम, मग इथं जत्रा झाली का न्हाई?’

उत्तर लिहायला घेतलं होतं. मग खोडलं आणि एवढंच पाठवलं : ‘अनलेस झाकून वाच. मग झाकण काढ. काय बदललं ते मला सांग.’

रात्रीचे साडेदहा झालेत. मेसेजवरच्या दोन्ही टिका अजून राखाडीच आहेत.